घर खरेदी आणि वकिलाचा सल्ला : गरज केव्हा, कशासाठी?

घर ही सर्वसामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी होय. नोकरीतील शिक्षक भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढतो, बँकेचे कर्ज घेतो. शेतकरी कापसाच्या दोन-चार बऱ्या हंगामांची शिल्लक बाजूला ठेवतो. आणि मग मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी घर पाहू लागतो. अशा वेळी प्रत्येक कुटुंबात एक प्रश्न निघतोच : या व्यवहारासाठी वकील करावा काय? 'रजिस्ट्री तर सरकारी कार्यालयातच होणार, मग वकिलावर खर्च कशाला?' असे एक जण म्हणतो. 'कोर्टकचेरी नको, म्हणून आधीच विचारलेले बरे,' असे दुसरा म्हणतो. दोन्ही मतांत थोडेथोडे तथ्य आहे. परंतु हा प्रश्न बहुधा इसाराची रक्कम हातची गेल्यावर विचारला जातो, आणि तेव्हा चांगल्यात चांगला वकीलही फारसे काही करू शकत नाही. म्हणून कोणत्या व्यवहारात वकिलाची गरज आहे, कोणत्या व्यवहारात नाही आणि असल्यास तो केव्हा नेमावा, याचा विचार यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थितीच्या संदर्भात येथे केला आहे.

एक उदाहरण

प्रश्न स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. दारव्हा तालुक्यातील एका शिक्षिकेने यवतमाळ शहरालगत एक जुने घर पसंत केले. घर विकणाऱ्या गृहस्थाने ग्रामपंचायतीच्या काळातील नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या दहा वर्षांच्या पावत्या, वीजदेयक आणि वडिलांच्या नावाचा एक जुना सातबारा दाखविला. 'वडील वारले, आम्हा दोघा भावांची संमती आहे, सौदाचिठ्ठी आजच करू,' असे त्याने सांगितले. कागद पुष्कळ होते, माणूस सालस होता, किंमतही रास्त होती. शिक्षिकेने काय करावे? या प्रश्नाकडे लेखाच्या शेवटी पुन्हा वळू. तत्पूर्वी कायदा काय म्हणतो आणि कोणता कागद नेमके काय सांगतो, हे पाहणे आवश्यक आहे.

वकील सक्तीचा नाही

घर विकत घेण्यासाठी वकील नेमलाच पाहिजे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार अशा दस्ताची नोंदणी सक्तीची आहे आणि दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. दस्त कोणी लिहावा यावर बंधन नाही. आपल्याकडे तो अनेकदा दुय्यम निबंधक कार्यालयाजवळ बसणारे अर्जनवीस किंवा दस्तलेखक लिहून देतात. हे लोक आपल्या कामात वाकबगार असतात. परंतु त्यांचे काम सांगितलेला मजकूर नीट दस्तरूपात मांडण्याचे आहे. विकणाऱ्याचा हक्क तपासण्याचे नाही.

दुय्यम निबंधक तरी तो हक्क तपासतो काय? येथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. दस्त करून देणारी व्यक्ती तीच आहे की नाही, तिने सही केल्याचे ती मान्य करते की नाही, मुद्रांक शुल्क व नोंदणी फी भरली आहे की नाही, मिळकतीचे वर्णन ओळख पटण्याइतके आहे की नाही, या गोष्टी तो पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे काय, याचा न्यायनिवाडा करणे हे त्याचे काम नाही. तमिळनाडूतील एका नियमासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले : विकणाऱ्याने आपली मालकी सिद्ध केली नाही एवढ्याच कारणावरून नोंदणी नाकारण्याचा अधिकार नोंदणी अधिनियम निबंधकास देत नाही.

काही देशांत व्यवस्था निराळी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८५८ साली अशी पद्धत सुरू केली की, शासकीय नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक आणि त्याची हमी शासनाची. आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. ज्याच्याजवळ हक्क नाही त्याने शंभर दस्त नोंदवून दिले, तरी घेणाऱ्याच्या पदरी हक्क येत नाही. म्हणजेच हक्काची तपासणी ही आपल्या कायद्याने खरेदीदारावर टाकलेली जबाबदारी आहे. ती त्याने स्वतः पार पाडावी की वकिलाकरवी, एवढाच प्रश्न उरतो.

कोणता कागद काय सांगतो

आपल्या ग्रामीण भागात सर्वाधिक विश्वास सातबाऱ्यावर असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. त्या वेळी पुसदचे सुपुत्र व एके काळचे तेथील वकील वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री होते. या संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. फेरफार हा महसूल वसुलीच्या सोयीसाठी असून केवळ त्यामुळे मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. म्हणून केवळ चालू सातबारा पाहून थांबू नये. त्यावर ज्या फेरफारांचे क्रमांक दिले आहेत, ते गाव नमुना ६ मधील फेरफार एकेक करून वाचावेत. नाव कसे आले, कोणाचे कमी झाले, नोटीस कोणास बजावली गेली, हे त्यात दिसते.

शहरातील व भूमापन झालेल्या गावठाणातील घरासाठी मिळकत पत्रिका असते. विदर्भात तिला आखीव पत्रिका म्हणतात. अनेक लहान गावांच्या गावठाणात पूर्वी अशी पत्रिकाच नव्हती. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी करून पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. जेथे अशी पत्रिका तयार झाली आहे, तेथे ती अवश्य पाहावी.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा मात्र कर आकारणीचा उतारा आहे. घर कोणाच्या वहिवाटीत आहे आणि कर कोणाकडून घ्यावयाचा, एवढेच तो सांगतो. महसूल खात्याचा गाव नमुना ८-अ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा, ही अगदी वेगळी वस्तू होय. नावातील साम्यामुळे दोहोंची गल्लत होते आणि 'आठ-अ आहे' एवढ्यावर सौदे ठरतात. घरपट्टीची पावती, वीजदेयक किंवा शिधापत्रिका यांनी वहिवाटीस आधार मिळतो. मालकी मात्र त्यांतून ठरत नाही.

चौथा स्रोत म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २. मिळकतीवर पूर्वी झालेली खरेदीखते, बक्षीसपत्रे, नोंदणीकृत गहाणखते यांच्या नोंदी तीत असतात. ठरावीक फी भरून कोणासही तिचा शोध घेता येतो. अलीकडच्या काळातील नोंदी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही पाहता येतात. शोध साधारणतः तीस वर्षांचा घेण्याची प्रथा आहे. ती निराधार नाही. मुदत अधिनियम, १९६३ नुसार खाजगी व्यक्तीस स्थावर मिळकतीच्या ताब्यासाठी सर्वसाधारणपणे बारा वर्षांत दावा करता येतो. परंतु गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची व शासनाने करावयाच्या दाव्याची मुदत तीस वर्षांची आहे.

यवतमाळ जिल्ह्याची वैशिष्ट्ये

जिल्ह्यातील सोळा तालुक्यांत जमिनीचा इतिहास एकसारखा नाही, आणि घर हे शेवटी जमिनीवरच उभे असते. त्यामुळे पुढील बाबी येथील खरेदीदाराने विशेष लक्षात घ्याव्यात.

पहिली बाब भोगवटादार वर्गाची. वऱ्हाडाचा हा भाग १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात येण्यापूर्वी मध्य प्रदेशात होता. तेव्हाच्या कायद्यातील 'भूमिस्वामी' व 'भूमिधारी' हे शब्द जुन्या कागदांत आजही आढळतात. १९६६ च्या संहितेच्या कलम २९ ने निर्बंधरहित भूमिस्वामीस भोगवटादार वर्ग १ मध्ये, तर हस्तांतरणावर निर्बंध असलेला भूमिस्वामी व भूमिधारी यांस वर्ग २ मध्ये घातले. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विदर्भासाठी असलेल्या १९५८ च्या स्वतंत्र कुळवहिवाट कायद्याखाली कुळास मिळालेली जमीन, भूदानातून वाटप झालेली जमीन आणि प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेली जमीन यांच्याही हस्तांतरणास अटी असतात. अशा जमिनीवर पुढे भूखंड पडले, घरे झाली, म्हणून मूळची अट आपोआप नाहीशी होत नाही.

दुसरी बाब नझूलची. यवतमाळसारख्या जुन्या शहरांत घराखालची जागा अनेक ठिकाणी शासनाच्या मालकीची, म्हणजे नझूल भाडेपट्ट्याची असते. घर विकणाऱ्याचे, जमीन शासनाची, असा हा प्रकार होय. भाडेपट्ट्याचे नूतनीकरण झाले आहे काय, हस्तांतरणास परवानगी घेतली आहे काय, शर्तभंगाची नोंद आहे काय, हे पाहावे लागते. अशा जमिनी ठरावीक रक्कम भरून वर्ग १ मध्ये रूपांतरित करण्याचे नियम शासनाने २०१९ मध्ये केले. तसे रूपांतर झाले असल्यास त्याचा आदेश मागून घ्यावा.

तिसरी बाब ई-क्लासची. वऱ्हाडात शासकीय पड व चराऊ जमिनीस 'ई-क्लास' म्हणण्याचा प्रघात आहे. अशा जमिनीवर उभ्या राहिलेल्या घरांना ग्रामपंचायत कर लावते, नमुना ८ वर नाव येते, वीजजोडणीही मिळते. परंतु यांपैकी कशानेही जमीन राहणाऱ्याच्या मालकीची होत नाही. पात्र निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय शासनाने घेतले आहेत. तथापि नियमित करण्याचा आदेश प्रत्यक्ष झाला आहे काय आणि त्यातील अटी विक्रीस आड येतात काय, हे आदेश वाचल्याशिवाय कळत नाही.

चौथी बाब आदिवासी जमिनीची. जिल्ह्यात गोंड, कोलाम, आंध, परधान या जमातींची वस्ती मोठी आहे आणि केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. संहितेच्या कलम ३६-अ नुसार ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकावयाची झाल्यास शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. हा नियम केवळ अनुसूचित क्षेत्रापुरता नसून संपूर्ण राज्यास लागू आहे. १९५७ ते १९७४ या काळात झालेल्या ठरावीक हस्तांतरणांतील जमिनी मूळ आदिवासी मालकांस परत देण्यासाठी स्वतंत्र कायदाही करण्यात आला. म्हणून आजचा विकणारा बिगर-आदिवासी असला, तरी त्याच्या हाती जमीन कोणाकडून आली हे मागे जाऊन पाहावे लागते. हा निर्बंध खरेदीदारास जाच वाटेल. परंतु कर्जापायी व अज्ञानापायी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या संरक्षणासाठी तो आहे, हे विसरता कामा नये.

पाचवी बाब भूसंपादनाची. वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. कोळसा क्षेत्रासाठी १९५७ चा वेगळा संपादन कायदा आहे. बेंबळा, पूस, अरुणावती अशा प्रकल्पांनी अनेक गावांची रचना बदलली. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गासाठीही जमीन संपादित झाली. संपादनाची अधिसूचना निघालेली मिळकत न कळत विकत घेणे म्हणजे घराऐवजी मोबदल्याचा वाद विकत घेणे होय.

अखेरची बाब शहरालगतच्या भूखंडांची. उमरसरा, लोहारा, वाघापूर यांसारखे भाग पूर्वी स्वतंत्र ग्रामपंचायतींचे होते आणि नंतर नगरपरिषदेच्या हद्दीत आले. अशा ठिकाणी निम्मे कागद एका कार्यालयाचे व निम्मे दुसऱ्याचे असतात. शेतीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे करून विकलेल्या जागांचा प्रश्नही असाच आहे. त्यासाठी १९४७ चा तुकडेबंदी कायदा व २००१ चा गुंठेवारी नियमितीकरण कायदा लागू होतो. या कायद्यांत व अकृषिक परवानगीच्या तरतुदींत गेल्या काही वर्षांत अनेक बदल झाले आहेत. म्हणून भूखंड पडला तेव्हाचा नियम आणि आज लागू असलेला नियम, असे दोन्ही तपासावे लागतात.

वकिलाशिवाय कोठे चालेल?

वरील यादी पाहून प्रत्येक व्यवहारात वकील हवाच, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. समजा, आखीव पत्रिकेवर विकणाऱ्याचेच नाव आहे. त्याने ती मिळकत स्वतः नोंदणीकृत खरेदीखताने घेतली आहे. जमीन वर्ग १ ची आहे. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे. सूचीच्या शोधात बोजा आढळत नाही. आणि घराचा ताबा त्याच्याकडेच आहे. अशा सरळ व्यवहारात कागद वाचता येणारा व दोन-तीन कार्यालयांत जाण्याची तयारी असलेला खरेदीदार स्वतः तपासणी करून अनुभवी दस्तलेखकाकडून दस्त लिहून घेऊ शकतो. शेजाऱ्यांकडे चौकशी करणे, मोजणीचा नकाशा प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहणे, ही कामे तर वकिलापेक्षा त्यालाच अधिक चांगली जमतात.

नव्या इमारतीतील सदनिकेच्या बाबतीत स्थावर संपदा अधिनियम, २०१६ चा आधार आहे. पाचशे चौरस मीटरहून अधिक जागेवरील आणि आठांहून अधिक सदनिकांचा प्रकल्प महारेराकडे नोंदवावा लागतो आणि जमिनीच्या हक्कासंबंधीची माहिती तेथे सर्वांस पाहता येते. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय विकासकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महारेरापुढे तक्रारही स्वतः मांडता येते. मात्र लहान गावांतील पुष्कळशी बांधकामे या मर्यादेखालची असल्याने त्यांना हे संरक्षण मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

वकील कोठे आवश्यक?

याउलट पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली, तर वकिलाचा खर्च वाचवू पाहणे शहाणपणाचे नाही.

मिळकत वडिलोपार्जित असून वारस अनेक असतील, तर प्रत्येकाचा हक्क पाहावा लागतो. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद आहे. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तर, त्यांनी मृत्युपत्र केले नसल्यास, मुलीस १९५६ पासूनच मुलाइतका वाटा आहे. 'बहिणींचे लग्न झाले, त्यांचा काही संबंध नाही,' हे वाक्य ऐकू आले की व्यवहार तेथेच थांबवावा. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा सामान्यतः लागू नसून त्यांच्या रूढी पाहाव्या लागतात, हेही येथे लक्षात घ्यावे.

वारसांत अज्ञान मूल असेल, तर अधिक जपावे. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर अडचणीपोटी पत्नीने घर विकण्याचे प्रसंग आपल्या जिल्ह्यात नवीन नाहीत. परंतु अज्ञान हिंदू मुलाच्या स्वतःच्या हिश्शाची विक्री करण्यासाठी १९५६ च्या कायद्यानुसार पालकास न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. ती नसल्यास मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो व्यवहार रद्द करून मागू शकते. दोन्ही बाजूंची इच्छा प्रामाणिक असूनही हा धोका राहतो.

मुखत्यारपत्रावर होणारा व्यवहार हा आणखी एक प्रकार. केवळ आममुखत्यारपत्र, करारनामा व मृत्युपत्र यांच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील एका प्रकरणात ऑक्टोबर २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. न्यायालयात दावा चालू असलेली मिळकत, गहाण मिळकत, भाडेकरू असलेले घर, नझूल, वर्ग २ किंवा पूर्वी आदिवासीची असलेली जमीन, तसेच मूळ खरेदीखत 'हरवले' असे सांगितले जाणारे घर, हे सर्व याच यादीत येतात. दावा चालू असताना मिळकत घेणाऱ्यास त्या दाव्याचा निकाल बंधनकारक असतो. 'मला ठाऊक नव्हते,' ही सबब तेथे चालत नाही.

वकील नेमताना

पहिले तत्त्व असे की, वकील आपला असावा. विकणाऱ्याचा वकील विकणाऱ्याचे हित पाहतो. कर्ज देणारी बँक आपल्या पॅनेलवरील वकिलाकडून शोध अहवाल घेते. तो उपयुक्त असला तरी बँकेच्या कर्जाच्या सुरक्षिततेपुरता असतो. त्याची प्रत मागावी, परंतु तो पुरेसा समजू नये.

दुसरे तत्त्व, वकील इसारापूर्वी नेमावा. इसारचिठ्ठीत लिहिलेल्या शब्दांवर पुढचे सर्व अवलंबून असते. हक्क निर्वेध न आढळल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल, आवश्यक परवानगी कोणी व केव्हापर्यंत आणावयाची, बहिणींचे किंवा इतर वारसांचे दस्तावर सहभागी होणे, ताबा केव्हा, या अटी तेथेच आल्या पाहिजेत. विकणाऱ्याने हक्कातील ठाऊक असलेला दोष खरेदीदारास सांगितलाच पाहिजे, असे १८८२ च्या अधिनियमाचे कलम ५५ म्हणते. परंतु हे कर्तव्य मोडल्यावर न्यायालयात जाण्यापेक्षा आधी विचारून घेणे स्वस्त पडते.

तिसरे तत्त्व, काम ठरवून द्यावे. संपूर्ण व्यवहार वकिलाकडे सोपविणे नेहमीच आवश्यक नसते. केवळ तीस वर्षांचा शोध व हक्काबाबत लेखी अभिप्राय, केवळ इसारचिठ्ठी व खरेदीखताचा मसुदा, किंवा वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस, अशी कामे स्वतंत्रपणेही देता येतात. फी किती, तीत कोणता खर्च धरला आहे व अभिप्राय लेखी मिळेल काय, हे सुरुवातीलाच विचारावे. 'कागद ठीक आहेत' असे तोंडी उत्तर पुरेसे नाही. कोणते कागद पाहिले, कोणते मिळाले नाहीत आणि कोणती शंका उरली, हे लिहून मिळाले पाहिजे.

ज्यांना फी परवडत नाही

वकिलाचा सल्ला ही केवळ पैसेवाल्यांची गोष्ट आहे, असा समज दूर होणे आवश्यक आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मधील 'विधी सेवा' या संज्ञेत दावा चालविण्याबरोबरच कायदेविषयक सल्ला देणेही अंतर्भूत आहे. या कायद्याच्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता, तर इतरांना विहित उत्पन्नमर्यादेत, विनामूल्य सेवा मिळू शकते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्यांच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती यांच्याकडे अर्ज करता येतो. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठी आहे. विकणारी विधवा असो वा घेणारी शिक्षिका, दोघींसही हा मार्ग खुला आहे.

पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांचे काम

गावात घराचा सौदा ठरतो तेव्हा पहिली विचारणा सरपंच, मास्तर किंवा तलाठी यांच्याकडे होते. (तलाठी या पदास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी हे नाव मिळाले आहे.) त्यांनी कायद्याचा निर्णय द्यावा, अशी अपेक्षा नाही. परंतु नमुना ८ चा उतारा देताना तो मालकीचा पुरावा नाही, एवढे सांगितले तरी एक फसवणूक टळेल. वारस नोंदीच्या वेळी मुलींची नावे वगळली जात नाहीत ना, हे पाहिले तर पुढची दोन कुटुंबे वादातून वाचतील. फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घेता येते, हे ग्रामसभेत समजावून सांगणेही याच कामाचा भाग होय.

आता पुन्हा त्या शिक्षिकेकडे वळू. तिला दाखविलेल्या कागदांत करपावत्या होत्या, वहिवाट होती. परंतु वडिलांनंतरचा वारस फेरफार नव्हता. भाऊ दोघे होते. बहिणी किती हे कोणी सांगितले नव्हते. शेतजमिनीचे घर झाले ते कोणत्या आदेशाने, हेही कळत नव्हते. अशा स्थितीत सौदाचिठ्ठी त्याच दिवशी न करता आठ-पंधरा दिवसांचा अवधी मागणे आणि आपला वकील नेमून शोध घेणे, हाच तिच्यासाठी योग्य मार्ग. शोधात सर्व ठीक आढळले, तर वकिलाच्या फीच्या बदल्यात तिला निश्चिंत झोप मिळेल. बहिणी निघाल्या, तर त्या दस्तावर सह्या करतील आणि आपला वाटा घेतील. जमीन सदोष निघाली, तर तिची आयुष्याची पुंजी तिच्याजवळच राहील. आणि अवधी देण्यास विकणाराच तयार नसेल, तर ते घर घेऊ नये हे कळण्यासाठी तिला वकिलाचीही गरज पडणार नाही.